घरच्या बागेत गोड चेरी: रोप आणण्याआधीपासून पहिल्या तोडणीपर्यंत

'झाड छान वाढलंय, दरवर्षी फुलांनी लगडतं, पण फळ एकही धरत नाही.' गोड चेरी लावणाऱ्यांची ही तक्रार मी वारंवार ऐकतो. तिच्या पाठोपाठ दुसरी येते: 'तीन वर्षं झाड ठणठणीत होतं, यंदा खोडातून डिंक गळायला लागला आणि एका हंगामात वाळून गेलं.' दोन्ही ठिकाणी शोध घेतला की बहुतेक वेळा एकच गोष्ट हाती लागते. चूक झालेली असते लागवडीच्या वर्षी आणि ती दिसते चौथ्या-पाचव्या वर्षी, जेव्हा फारसं काही करता येत नाही. म्हणून इथे निम्मा भर रोप जमिनीत जाण्याआधीच्या कामांवर दिला आहे. क्रम मोडू नका.

इथली चेरी म्हणजे गोड चेरी, शास्त्रीय नाव प्रुनस एव्हियम. बार्बाडोस चेरी आणि सिंगापूर चेरी ही उष्ण हवेतली वेगळीच झाडं आहेत, नाव तेवढं सारखं. त्यांना यातलं काहीही लागू नाही.

## टप्पा १: थंडीचा हिशेब

चेरीची कळी हिवाळ्यात झोपते आणि ठरावीक तास थंडी मिळाल्याशिवाय नीट जागी होत नाही. साधारण ० ते ७ अंश सेल्सिअसमधले तास मोजतात. बहुतेक वाणांना असे ७०० ते १२०० तास लागतात. 'मिनी रॉयल' आणि 'रॉयल ली' या जोडीसारख्या कमी थंडीच्या वाणांचं काम ५०० तासांच्या आत भागतं.

आपल्याकडे 'बरीच थंडी पडते' हा अंदाज पुरेसा नाही. रात्री ५ अंश आणि दुपारी २२ अंश असेल, तर रात्री जमलेल्या थंडीचा काही भाग दुपारची ऊब खाऊन टाकते. बागेत किमान-कमाल तापमापक लावा आणि एक पूर्ण हिवाळा नोंदी ठेवा. थंडी अपुरी पडली तर झाड मरत नाही. कळ्या आठवडे-आठवडे मागेपुढे उघडतात, फुलांआधी पानं येतात आणि फळं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी धरतात.

काही जण बुंध्याशी बर्फ ओततात. त्याने काही साधत नाही, कारण थंडीची गरज कळीला असते, मुळाला नाही.

याच्या उलट बाजूही पाहून घ्या. पूर्ण उमललेल्या फुलांना उणे २.२ अंश तापमान अर्धा तास लागलं तर दहातलं एक फूल मरतं. उणे ३.९ अंशांना दहातली नऊ मरतात. थंड हवा जड असते आणि पाण्यासारखी उताराने वाहून खोलगट जागी साचते. त्यामुळे बागेतला सर्वांत खालचा कोपरा चेरीला देऊ नका.

तपासा: तुमचे तास वाणाच्या गरजेपेक्षा कमी भरत असतील तर इथेच थांबा आणि वाण बदला. पुढचा कोणताही टप्पा ही उणीव भरून काढत नाही.

## टप्पा २: जोडी जमवणं

सर्वाधिक झाडं वांझ राहतात ती इथे. बहुतेक गोड चेरी स्वतःच्या परागकणांनी फळत नाहीत, हे पुष्कळांना माहीत असतं. म्हणून ते दोन वाण लावतात आणि निश्चिंत होतात. पण कोणतेही दोन वाण चालत नाहीत. चेरीच्या वाणांचे गट आहेत आणि एका गटातल्या वाणाचे परागकण त्याच गटातलं फूल स्वीकारत नाही. परागकण फुलावर पडतो, त्याची नळी आत शिरते, पण अंडाशयापर्यंत पोचण्याआधीच अडवली जाते. 'बिंग', 'लॅम्बर्ट' आणि 'नेपोलियन' हे तिन्ही एकाच गटातले. रंग वेगळे, चव वेगळी, पण शेजारी शेजारी लावले तर तिघंही रिकामेच.

मी पाहिलेल्या एका परसात बिंग आणि लॅम्बर्ट सहा वर्षं एकमेकांना खेटून उभे होते. बहरात फांदी दिसत नव्हती, मधमाश्यांचा आवाज घरात ऐकू येत होता. तीन आठवड्यांनी झाडाखाली गेलो तर जमिनीवर ज्वारीच्या दाण्याएवढी पिवळी पडलेली फळं, देठांसकट. फलन न झालेली फळं थोडी फुगतात आणि अशीच गळतात. घरातल्यांनी तोवर खत बदललं होतं, पाणी बदललं होतं, दोनदा औषधही फवारलं होतं. शेवटी बिंगच्या एका फांदीवर 'स्टेला'चं कलम बांधलं. तिसऱ्या वसंतात त्या फांदीला फुलं आली आणि दोन्ही झाडांना पहिल्यांदा फळ धरलं.

रोप निवडताना असं करा:

१. जागा एकाच झाडापुरती असेल तर स्वफलित वाण घ्या: स्टेला, लॅपिन्स किंवा स्वीटहार्ट.
२. दोन झाडं लावणार असाल तर ते वाण परस्परांना चालतात का आणि एकाच वेळी फुलतात का, या दोन्ही गोष्टी विचारा. गट जुळला आणि बहर दोन आठवडे मागेपुढे झाला तर उपयोग नाही.
३. स्वफलित वाण त्याच वेळी फुलणाऱ्या दुसऱ्या गोड चेरीलाही पराग पुरवतो. शंका असेल तिथे जोडीदार म्हणून तोच लावा.
४. दोन झाडांत ३० मीटरपेक्षा जास्त अंतर ठेवू नका.

आंबट चेरी साधारण उशिरा फुलते आणि शोभेच्या चेरीचा भरवसा नाही. या दोघींवर विसंबू नका.

ज्यांची झाडं आधीच चुकीच्या जोडीने उभी आहेत त्यांनी यंदापुरतं एक करावं. जुळणाऱ्या वाणाच्या फुललेल्या फांद्या कुणाकडून तरी आणून पाण्याच्या बादलीत ठेवाव्यात आणि बादली झाडाखाली ठेवावी. माश्या बाकीचं काम करतात.

सावधान: बहरात कोणतंही कीटकनाशक फवारू नका. साधारण १३ अंशांखाली मधमाशी फारशी उडत नाही, म्हणजे तिला कामाचे तास आधीच कमी मिळतात.

## टप्पा ३: खुंट कोणता ते विचारा

बी पेरून आलेलं झाड मूळ वाणासारखं निघत नाही, म्हणून कलमच घ्यायचं. पण वरचा वाण विचारणारे दहा आणि खालचा खुंट, म्हणजे ज्या मुळांच्या रोपावर कलम बांधलेलं असतं तो, विचारणारा एखादाच. झाडाची उंची आणि पहिलं फळ कधी मिळणार, हे खुंट ठरवतो.

मॅझार्ड खुंटावरचं झाड १० मीटरच्या वर जाऊ शकतं, त्याला सात-आठ मीटर अंतर लागतं आणि फळाला पाच ते सात वर्षं लागतात. कोल्ट मध्यम आहे, चार-पाच मीटर अंतर पुरतं. 'गिसेला ५'वरचं झाड त्या मोठ्या झाडाच्या निम्म्याच्या आसपास राहतं, अडीच ते साडेतीन मीटरांत बसतं आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ देतं. मात्र त्याला कसदार माती, नियमित पाणी आणि आधाराची काठी हवी. कोरड्या, हलक्या जमिनीत ते खुरटतं.

घरच्या बागेसाठी माझं मत गिसेला ५ च्या बाजूने आहे आणि कारण जाळीचं आहे. चेरी पिकली की पक्षी येणारच. ज्या झाडाला जाळी घालता येत नाही, त्याची फळं तुमच्या हाती फारशी लागत नाहीत.

## टप्पा ४: जागा आणि निचरा

दिवसाला आठ तास ऊन. मातीचा सामू (pH) ६ ते ७. जिथे आधी चेरी, पीच, आलुबुखार किंवा जर्दाळू होतं ती जागा टाळा, कारण जुन्या मुळांबरोबर राहिलेले रोग नव्या रोपाला धरतात.

आता निचरा. पाणी साचलेल्या मातीत चेरीची मुळं फार लवकर गुदमरतात आणि त्यापाठोपाठ मूळकूज येते. वरून माती भुसभुशीत दिसते आणि फूटभर खाली चिकण थर असतो, त्यामुळे नुसत्या नजरेवर जाऊ नका. लागवडीच्या काही आठवडे आधी ही चाचणी घ्या:

१. ३० सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा करा.
२. तो पाण्याने भरा आणि पूर्ण जिरू द्या.
३. लगेच पुन्हा भरा, काठावर आडवी काठी ठेवा आणि तिथून पाणी तासाला किती उतरतं ते मोजा.

तासाला अडीच ते पाच सेंटिमीटर उतरत असेल तर जागा योग्य. त्याहून कमी असेल तर खड्ड्यात लावू नका. ३० सेंटिमीटर उंच आणि किमान सव्वा-दीड मीटर रुंद मातीचा उंचवटा करून त्यावर लावा.

सावधान: खड्ड्याच्या तळाशी खडी टाकून निचरा सुधारत नाही. बारीक मातीतलं पाणी खडीत सहज उतरत नाही, ते वरच अडून राहतं, नेमकं मुळांच्या पातळीवर.

## टप्पा ५: लागवडीचा दिवस

उघड्या मुळांचं रोप सुप्तावस्थेत लावायचं, कळ्या फुगण्याआधी. कुंडीतलं रोप नंतरही चालतं, पण भर उन्हाळ्यात नको. माती वाफशावर असावी. मूठभर माती दाबून सोडली की ती फुटली पाहिजे. गोळा तसाच राहिला तर दोन-तीन दिवस थांबा.

१. मुळं एक-दोन तास पाण्यात ठेवा. रात्रभरापेक्षा जास्त नको. लावेपर्यंत ओल्या गोणपाटात गुंडाळा, उन्हात पंधरा मिनिटंही उघडी ठेवू नका.
२. खड्डा मुळांच्या पसाऱ्याच्या दुप्पट रुंद, पण खोली मुळांइतकीच. जास्त खोल खणून परत भरलेली माती पुढे बसते आणि झाड खाली जातं.
३. खड्ड्याच्या भिंती गुळगुळीत झाल्या असतील तर कुदळीने खरवडा. नाहीतर मुळं कुंडीत असल्यासारखी आतल्या आत फिरत राहतात.
४. मोडलेलं मूळ स्वच्छ कापा. गोल वळलेली मुळं सोडवून पसरवा.
५. कलमाचा जोड मातीपासून ५ ते १० सेंटिमीटर वर राहील अशी उंची ठेवा. खड्ड्यावर आडवी काठी ठेवून ती बघा.
६. काढलेलीच माती परत भरा. शेणखत, रासायनिक खत काहीही खड्ड्यात नको. कोवळी मुळं करपतात आणि नंतर त्या गोड खड्ड्याबाहेर पडायला कंटाळतात.
७. अर्ध्यावर पाणी द्या, माती बसू द्या, मग उरलेली भरा. शेवटी १० ते १५ लिटर पाणी.
८. आधाराची काठी असेल तर बांधणी सैल, आठाच्या आकड्यासारखी.

पाचव्या पायरीवर थोडं थांबतो. माझ्या पहिल्या बुटक्या झाडाचा जोड मातीखाली गेला होता. तीन वर्षं काही कळलं नाही. मग झाड एकाएकी उंच धावायला लागलं आणि फुलं कमी झाली. बुंधा उकरून पाहिला तर जोडाच्या वरून, म्हणजे वरच्या वाणाला, स्वतंत्र मुळं सुटली होती. बुटक्या खुंटाचा धाक संपला होता. त्या झाडावर जाळी पुन्हा कधी पुरली नाही.

तपासा: पहिल्या आठवड्यानंतर जोडाची उंची पुन्हा मोजा. झाड खचलं असेल तर माती ओली असतानाच हळूच वर उचला.

## टप्पा ६: पहिली काट

नव्या रोपाचा शेंडा मारायला कुणाचाही हात धजत नाही, आणि तो मारावाच लागतो. चेरीचा स्वभाव सरळ वर जाण्याचा. तसंच सोडलं तर चार मीटर उंच काठी होते, फांद्या सगळ्या डोक्यावर. कळ्या फुगू लागल्या की कोरडा दिवस बघून एकाच सोटाचं रोप जमिनीपासून ७५ ते ९० सेंटिमीटरवर कापा.

खालून फुटवे येतील. ते १० ते १५ सेंटिमीटर झाले, अजून हिरवे-लवचिक आहेत, तेव्हा चारही दिशांना मिळून तीन ते पाच निवडा. प्रत्येकाच्या वर खोडाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावा, म्हणजे फुटवा आडवा दाबला जाईल. खोडाशी ४५ ते ६० अंशांचा कोन हवा. अरुंद कोनाच्या बेचक्यात साल अडकते आणि फळांचा भार आला की फांदी तिथूनच फाटते. एका चिमट्याचं काम आहे, पण ते त्याच दोन-तीन आठवड्यांत करावं लागतं. फांदी लाकूड धरली की मग दोरीने ओढूनही ती तशी वळत नाही.

कडक ऊन आणि गोठवणारी रात्र अशी हवा असेल तिथे खोडाला पाण्यात मिसळणारा पांढरा रंग समभाग पाणी घालून लावा. साल तडकत नाही.

## टप्पा ७: पाणी, आच्छादन, खत

पहिल्या वर्षी उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा १० ते १५ लिटर, पण घड्याळ बघून नाही. बोट ८-१० सेंटिमीटर खुपसून बघा; ओल लागली तर पाणी देऊ नका. मोठ्या झाडाला रोज शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एकदा ४५ ते ६० सेंटिमीटर खोल ओल जाईल असं द्या. आळं खोडाला लागून नको, फांद्यांच्या घेराखाली हवं.

फळ रंगायला लागलं की पाण्याची लय मोडू नका. आधी ताण आणि मग भरपूर पाणी मिळालं की फळ तडकतं. पाऊस पडला तर सालीतूनही पाणी आत शिरतं, विशेषतः देठापाशी जिथे थेंब साचतो. म्हणून पाऊस थांबताच फांद्या हलवून पाणी झटका. छोट्या झाडावर बाजूंनी उघडं प्लॅस्टिकचं छप्परही धरता येतं.

तोडणीनंतर पाणी बंद करणं ही फार जणांची सवय आहे. त्याच उन्हाळ्यात पुढच्या वर्षीच्या फुलकळ्या घडत असतात. तेव्हा झाड कडक उष्म्यात तापलं तर पुढच्या वर्षी जुळी, चिकटलेली फळं येतात. त्या दिवसांत पाणी तोडू नका.

आच्छादन ५ ते ८ सेंटिमीटर जाड, खोडापासून वीतभर दूर. भोवती एक मीटर गवत नको.

खताचं थोडक्यात: पहिल्या वर्षी काही नको. पुढे नव्या फांदीची वाढ मोजा. फळत्या झाडाची फांदी वर्षाला २५ ते ४५ सेंटिमीटर वाढत असेल तर खताची गरज नाही. कमी असेल तर वसंताच्या सुरुवातीला कुजलेलं कंपोस्ट. उन्हाळ्याच्या मध्यानंतर नत्र दिलं तर कोवळी फूट थंडीत सापडते.

## टप्पा ८: छाटणी, आणि ती कधी

सफरचंद हिवाळ्यात छाटतात म्हणून चेरीही छाटायची, या समजुतीने पुष्कळ झाडं गेली आहेत. थंड, ओल्या हवेत चेरीची जखम लवकर भरत नाही. तिथून स्यूडोमोनास जिवाणूचा खोडव्रण किंवा रुपेरी पानांची बुरशी आत शिरते. छाटणी तोडणीनंतर उन्हाळ्यात करा, पुढचे तीन-चार दिवस पाऊस नाही याची खात्री करून. जिथे हिवाळा कोरडा आणि फार कडक असतो तिथे कळ्या उघडण्याच्या थोडं आधीही चालतं.

काय कापायचं नाही, हे आधी ओळखा. जुन्या फांदीवर दोन ते पाच सेंटिमीटरच्या, सुरकुतलेल्या, बोटाच्या पेरासारख्या आखूड फळफांद्या असतात. टोकाशी कळ्यांचा झुबका असतो. कडेच्या गोल, टपोऱ्या त्या फुलकळ्या, मधली टोकदार ती पानकळी. अशी एक फळफांदी दहा-बारा वर्षं फळ देऊ शकते. फांदी 'साफ' दिसावी म्हणून या खुडणारे माळी मी पाहिले आहेत. झाड नीटनेटकं दिसतं आणि रिकामं राहतं.

क्रम असा: आधी मेलेलं आणि रोगट, मग एकमेकांवर घासणाऱ्या फांद्या, मग आत उभे सुटलेले पानसोट, शेवटी उंची. एका वर्षी एक चतुर्थांशापेक्षा जास्त नको. फांदीच्या बुंध्याशी किंचित फुगीर कडं असतं, ते राखून कापा. खुंटाखालून आलेले फुटवे हाताने उपटा.

सावधान: नुसता डिंक म्हणजे रोग नव्हे, जखमेवरही तो येतो. साल खोलगट, काळपट झाली असेल, कापल्यावर आंबूस वास येत असेल, तर व्रण आहे. दिसणाऱ्या डागाच्या १५ ते २० सेंटिमीटर खाली निरोगी लाकडात कापा. दर काटेला पातं ७० टक्के अल्कोहोलने पुसा.

## टप्पा ९: कीड आणि पक्षी

शेंड्याची पानं गोळा झाली की उलटून बघा, काळा मावा असतो. खोडावर मुंग्यांची रांग असेल तर आधी ती तोडा, कारण मुंग्या माव्याची राखण करतात. खोडाला पट्टी गुंडाळून तिच्यावर चिकट लेप लावा, थेट सालीवर नको. मावा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने उतरवा.

फांदीवर सुकून चिकटलेली जुनी फळं हिवाळ्यात एकूण एक काढा. तपकिरी कुजीची बुरशी त्यांच्यातच मुक्काम करते.

ड्रोसोफिला सुझुकी ही बारीक माशी धडधाकट, पिकत्या फळात अंडी घालते. तिच्यासाठी एक मिलिमीटरच्या आतली जाळी, फळ रंगण्याआधी लावलेली, हाच खात्रीचा अडसर. खाली पडलेली फळं खतात टाकू नका, पिशवीत बंद करून उन्हात ठेवा. अळी आहे का बघायचं असेल तर मूठभर फळं थोडी चिरडून मिठाच्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवा. पांढऱ्या अळ्या वर येतात.

पक्ष्यांची जाळी फळ हिरव्याचं पिवळसर होताच घाला. फांद्यांवर नुसती टाकली तर पक्षी बाहेरूनच चोच मारतात. काठ्यांच्या सांगाड्यावर ताणा, खाली खोडाशी बांधा आणि रोज सकाळी फिरून बघा. अडकलेला जीव वेळेवर सोडवता आला पाहिजे.

## टप्पा १०: तोडणी

तोडलेली चेरी घरात पिकत नाही. केळ्यासारखी ठेवून गोड होईल, ही आशा नको. 'रेनियर'सारखे पिवळे वाण सोडले तर लाल रंग आल्यावरही बहुतेक वाणांना आणखी काही दिवस लागतात. रोज एक चाखा, झाडाच्या उन्हाकडच्या आणि सावलीकडच्या दोन्ही बाजूंची.

सकाळी, दव वाळल्यावर तोडा. फळ धरून ओढू नका. देठ त्याच्या मुळाशी, जिथे तो फळफांदीला जुळतो, दोन बोटांत धरा आणि वरच्या दिशेने हलका पीळ द्या. फळफांदी तुटून देठाबरोबर आली तर पुढच्या कितीतरी वर्षांची फळं गेली. परडीत तुटके खोंब दिसायला लागले तर थांबा आणि बोटं देठावर थोडी खाली न्या. मुलांना तोडायला लावायचं असेल तर आधी एका फांदीवर शिकवा.

फळं न धुता, देठांसकट, लगेच फ्रिजमध्ये. धुवायची ती खाताना. शेवटची परडी भरली की जाळी त्याच दिवशी उतरवा, झाडावर राहिलेली फुटकी फळं काढून टाका आणि आळ्यात पाणी सोडा.